पंचेचाळीस मिनिटं

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळी दहा, पळसदरी. हजर: मी, चार विद्यार्थी आणि तिथले म्हातारे शेतकरी गणूबाबा. बाबा बोलले सदुसष्ट मिनिटं. रेकॉर्ड झाली बावीस. हा हिशोब आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

मी भिसेगावात राहतो आणि कर्जतच्या एका कॉलेजात व्हिडिओ प्रॉडक्शन शिकवतो. आत्मे, भास वगैरे विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. आजही कुणाला काही पटवायला आलेलो नाही... घडलं ते लिहितोय.

मुलांना भातशेतीवर डॉक्युमेंटरी करायची होती. शर्टाला माइक लावताच गणूबाबा हसले. "ह्ये काय रं, बैलाला घुंगरू बांधल्यावानी!"

बाविसाव्या मिनिटाला कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. दुसरं कार्ड कॉलेजातच राहिलं होतं. सामानाच्या यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण होती, माझ्याच हातची. कॅमेऱ्यावरची ऋतुजा हळूच म्हणाली, "सर, मोबाइलवर घेऊ?"

मोबाइलवर शूट केलं तर मार्क कापीन, हे मीच वर्षभर बजावत होतो. तिच्यापुढे चूक कबूल करायची लाज वाटली. म्हणालो, "असू दे. कॅमेरा चालू असल्यासारखी उभी राहा. बोलणाऱ्याला तोडायचं नसतं." वर तेही शिकवल्यासारखं!

बाबा नेमके तेव्हाच बायकोबद्दल बोलायला लागले होते. मध्ये थांबून विचारायचे, "चालू हाय ना रं?"

"हो बाबा, चालू आहे."

तीनदा विचारलं. तीनदा मी हो म्हणालो.

मार्चमध्ये बाबा आजारी पडून गेले. मग शेलूहून त्यांच्या मुलीचा, सुनंदाताईंचा फोन आला. "सर, आय गेली तवा मी दोन वर्साची व्हते. बाबा तिचं नाव काढायचे नाय कंदी. त्या दिवशी फोनवर म्हनले, तुज्या आयचं समदं सांगितलंय, पोरांच्या मशीनमधी हाय, बघ."

मी म्हणालो, "एडिटिंग चालू आहे." पुढच्या दोन फोनलाही तेच सांगितलं.

एप्रिलमध्ये, दुपारी बाराच्या तासाला, वर्गात रूम टोन शिकवत होतो. म्हणजे सगळ्यांनी एक मिनिट गप्प राहायचं आणि खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. एडिटिंगमध्ये जोडायला लागते. कार्ड नवं होतं, पाकीट मीच फोडलं. दार बंद, मोबाइल बंद, मुलं अकरा. हेडफोन ऋतुजाच्या कानावर. मिनिट संपायच्या आधीच तिनं तो काढला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"सर... तुम्हीच ऐका."

फाइल साठ सेकंदांची. वर्गातला पंखा दर फेरीला टक् करतो, ते स्वच्छ ऐकू येत होतं. एकेचाळिसाव्या सेकंदाला, त्या टकटकीवरच, शेजारी बसून बोलावं तसा आवाज — "चालू हाय ना रं?"

वर्गात कुणी काही बोललं नव्हतं. जुनं रेकॉर्डिंग म्हणावं तर मागे माझ्या वर्गातला पंखा होता. मुलांनी मस्करी केली म्हणावं तर अकराच्या अकरा माझ्या समोर होती, ओठ मिटून.

त्याच रविवारी शेलूला गेलो. कार्ड, खूण, मोबाइल, सगळं सांगितलं. सुनंदाताईंनी ती फाइल दोनदा ऐकली.

"बाबाच हायती." डोळे पुसून म्हणाल्या, "आनी पुढं?"

"पुढे काही नाही."

"मशीनमधी नसंल. पन तुमी समोर बसलेले ना? मंग तोंडानं सांगा की. आय कशी व्हती माजी?"

मी बाबांच्या समोर तीन फुटांवर बसलो होतो. पंचेचाळीस मिनिटं योग्य जागी मान डोलावत होतो... आणि डोक्यात एकच होतं, बाबांनी उठून "दाखव बगू" म्हणू नये. एक वाक्य आठवेना. सुनंदाताईंच्या आईचं नावसुद्धा नाही.

"ताई, मी ऐकलंच नाही."

चहा घेणार का, तेवढं त्यांनी विचारलं.

तो आवाज कुठून आला, मला आजही माहीत नाही. दोन साउंडवाल्यांना ऐकवला, त्यांनाही सांगता आलं नाही. बावीस मिनिटं भाताची आणि एक मिनिट वर्गातलं, असा पेनड्राइव्ह मी सुनंदाताईंच्या हातात दिला. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.