ओव्हिद सुरेटची लांबलेली बैठक

चव्वेचाळीस वर्षं ओव्हिद सुरेटने समुद्रातून शेवंडं उचलली आणि समुद्राने त्या बदल्यात त्याच्याकडून फारसं काही मागितलं नाही. डाव्या अंगठ्याचं एक पेर दोर ओढायच्या चाकात गेलं, तेवढंच. गावातले पुरुष त्याला लोखंडी म्हणत. बायका म्हणत, लोखंडी कसला, आडमुठा आहे.

गेल्या एप्रिलात मात्र एक गोष्ट घडली. खरं तर घडता घडता राहिली. पिंजऱ्यांची माळ बोटीच्या मागून पाण्यात सुटत होती. सुकाणूवर ओव्हिद, मागे त्याची मुलगी जिनेट. धावत्या दोराचा एक वेढा तिच्या पायात पडला आणि दोराने तिला कठड्यापर्यंत फरफटत नेलं. तिथे बूट निघाला. बूट गेला, मुलगी राहिली. एका पायावर उभी राहून ती हसली, "पापा, समुद्राला माझ्याच मापाचा बूट लागतो बघ!"

ओव्हिदही हसला. पण इंजिन मागे घ्यायच्या क्षणी त्याचे हात गोठले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून दोर सुटताना दिसला की त्याच्या छातीतून काहीतरी वर चढे, गळ्याशी येऊन बसे आणि हातांचं लाकूड होई. उन्हाळाभर तो शेडमध्ये पिंजरे दुरुस्त करत राहिला, गरज नसलेलेसुद्धा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी जिनेटने ताटातल्या रापीवर, किसलेल्या बटाट्याच्या भाजलेल्या वडीवर, काकवी ओतली आणि वर न बघताच म्हणाली, "नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी हंगाम उघडतो, पिंजरे टाकायचेत. सुकाणूवर मला तूच हवास. पण गोठणारा माणूस नको. त्यापेक्षा मी बाहेरचा माणूस घेईन."

"मग काय करू? पाद्र्यापुढे गुडघे टेकू?"

"लॉइस क्रोवेलकडे जा. आणि तिथे तरी भांडू नकोस."

लॉइसबाई पूर्वी नर्स होत्या. आता अग्निशमन केंद्रामागच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून लोकांच्या मनाचं ऐकून घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी ओव्हिदच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला आणि तो पाच मिनिटं लावून खायला सांगितला.

"बाई, माझ्या बायकोच्या हातची रापी खाऊन बघा. पाच मिनिटं आपोआप लागतात."

लॉइसबाई हसल्या, पण बेदाणा काही परत घेतला नाही.

मग दर गुरुवारी डोळे मिटून बसणं सुरू झालं. बाईंकडे एक छोटी काशाची वाटी होती. लाकडी दांडीने ती वाजवून त्या बैठक संपवत आणि म्हणत, "हं, उघडा डोळे." त्यांचं सांगणं साधं होतं. भीती आली तर तिला हाकलू नका, उठून पळूही नका. ती अंगात कुठे बसते तेवढं बघा. ओव्हिद मान डोलवी. आणि ती गळ्याशी पोचायच्या आत डोळे उघडून विचारी, "बाहेर वारा सुटलाय का हो?"

सोमवारला चार दिवस उरले तेव्हा बाईंनी त्याला दोराचं भेंडोळं घेऊन यायला सांगितलं. टेबलाच्या कडेवरून त्यांनी तो दोर सरसर ओढला. ओव्हिदने खुर्ची मागे सरकवली.

"मिटा डोळे. आज मी वाटी एकदाच वाजवीन, बोलणार काही नाही. त्यानंतर तुम्हाला वाटेल तेव्हा उघडा."

वाटी वाजल्याशिवाय उघडायचे नाहीत, असं ओव्हिदने ठरवलं. आडमुठेपणा आज कामी यावा.

भीती आली. छातीतून चढली, गळ्याशी बसली. तो वाटीची वाट पाहत राहिला. वाटी काही वाजेना. श्वास दोरीएवढा बारीक झाला. एक रिकामा बूट काळ्या पाण्यात खाली खाली जात होता. तो बूट त्याने पहिल्यांदाच शेवटपर्यंत जाऊ दिला. तळाशी टेकू दिला. आणि मग, कुणी चहा विचारत नाही म्हटल्यावर पाहुण्याने हळूच उठावं, तशी भीती उठली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पण धाकटी होऊन. मग नुसती भूक लागली. बाई घरी गेल्या की काय?

त्याने एक डोळा उघडला. बाई समोरच होत्या, श्वास रोखून त्याच्याकडे बघत.

"वाजवा की हो आता!"

"काय वाजवू? मी वाजवून पाऊण तास झाला!"

"थापा."

बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत वाटीवर दांडी मारली. ओव्हिदला काठ थरथरताना दिसला. ऐकू काही आलं नाही. चव्वेचाळीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी काढलेल्या कानांना बारीक आवाज कधीच सोडून गेला होता.

"मग इतके आठवडे कसं कळायचं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही 'उघडा' म्हणायच्या ना. ते ऐकू यायचं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मला वाटलं, तुम्ही खोल कुठेतरी पोचलात. हलवायचा धीर होईना. पुढच्या वेळेला आलेल्या बाईंना दारातूनच खुणेने परत पाठवलं मी!"

"आणि मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा बघताय."

दोघं इतकी हसली की केंद्रातला माणूस डोकावून गेला. हसू ओसरल्यावर ओव्हिद दोर गुंडाळू लागला. दोराकडेच बघत म्हणाला, "आली होती ती."

"मग?"

"मग काय, गेली. उठायची सोय नव्हती ना मला."

"यात माझी काही हुशारी नाही," बाई म्हणाल्या. "कान मात्र तपासून घ्या."

सोमवारी पहाटे धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. बोटी पिंजऱ्यांच्या भाराने अर्ध्या बुडाल्यासारख्या निघाल्या. पहिली माळ सुटली, दोर धावू लागला, आणि ती आली. नेमकी, ओळखीची, गळ्याशी. ओव्हिदने तिला बसू दिलं. हात जड झाले, पण हातच राहिले. पाचव्या माळेला दोर अडकला. जिनेट ओरडायच्या आत ओव्हिदने इंजिन मागे घेतलं होतं. तिने दोर सोडवला आणि मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पापा! आहे का ती भीती अजून?"

त्याने पेर नसलेला अंगठा वर केला.

"आहे! बसलीय! बाईंची वाटी मला ऐकू येईपर्यंत बसेल!"