शेडनेटमधल्या अक्का

केडगावला आईकडं मी मटार सोलत बसले होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काकी, आई गेली." मी नुसतं "बरं" म्हणाले. असं कुणी म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच निघालं... आईनं पुढ्यातली परात काढून घेतली, तेव्हा रडू फुटलं.

अक्का म्हणजे त्याची आई, माझ्या थोरल्या जाऊबाई. मांडवगण फराट्याच्या शिवारात त्यांनी उसाच्या रोपांची नर्सरी काढली, तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. ऊस काय, कांडं पुरलं की उगवतो, त्याची रोपं विकत कोण घेणार, असं सासरे म्हणायचे. अक्कांनी वाद घातला नाही. घरामागं हिरव्या जाळीचं शेडनेट उभारलं, गावातल्या बायका कामाला घेतल्या, मला मदतीला ओढलं. उसाचा एकेक डोळा काढून ट्रेमध्ये लावायचा, की काही आठवड्यांत हिरवीगार रोपं. बघता बघता दौंडपर्यंतचे शेतकरी टेम्पो घेऊन यायला लागले. अक्का मात्र तेव्हा फार कडक होत्या. कुणाच्या हातून ट्रे सटकला तरी शेड दणाणून सोडायच्या.

तिसऱ्या हंगामात घात झाला. आम्ही दिलेली रोपं शेतात लागली आणि काही ठिकाणी उसाऐवजी गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे यायला लागले. ज्या उसाचे डोळे काढले, ते बेणंच रोगट निघालं होतं. अक्कांनी सगळ्या बायकांना बोलावून विचारलं, तेव्हा सुमन पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मला ट्रेमधीच पांढरी पानं दिसली व्हती, अक्का. पन तुमी वरडाल म्हनून बोलले न्हाई." मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. अक्का रिकाम्या ट्रेच्या थप्पीवर मटकन बसल्या. मग म्हणाल्या, "मंग चूक माझी हाय. तू रडू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माझ्या स्कूटीवर मागं बसून निघाल्या. ज्यांनी ज्यांनी ती रोपं नेली होती, त्या प्रत्येकाच्या बांधावर. माझे थोरले दीर म्हणत होते, पाण्याचं, खताचं काहीतरी कारण सांगून मोकळं होऊ. अक्का ऐकेनात. शेतकऱ्यासमोर उभ्या राहून सांगायच्या, "बेणं पारखायला मी चुकले. उसाची रोगट बेटं आमीच उपटून देतो, नवी रोपंबी आमचीच." काहींनी चहा पाजला. नदीकाठच्या एका आप्पांनी मात्र चार माणसांत सुनावलं, "बाईमाणसानं चूल सांभाळावी, धंदा न्हाई." अक्कांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. परतताना कालव्याजवळ म्हणाल्या, "थांब जरा." उतरल्या आणि भडाभडा ओकल्या. पाण्याची बाटली देत मी म्हणाले, "उद्या नको जायला, अक्का." त्यांनी चूळ भरली. "भ्या मलाबी वाटतं गं. पन घरात बसल्यावर लई जास्त वाटतं."

पुढचे कितीतरी दिवस आम्ही सगळ्या जणी, अक्कांसकट, लोकांच्या शेतात वाकून रोगट बेटं उपटत होतो. नर्सरी सावरली, पण पहिल्यासारखी गर्दी व्हायला फार काळ गेला. ते आप्पा रोपं न्यायला परत कधी आले नाहीत. भीमेकाठी अक्कांच्या दशक्रियेला मात्र आले होते. सगळ्यांत मागं, टोपी हातात धरून...

जिवावरचं दुखणं कळलं तेव्हाही अक्कांनी ते झाकलं नाही. बायकांना स्वतःच सांगितलं, आणि शेतकरी आले की बोलायला मला पुढं करू लागल्या. लोक त्यांना धीराची बाई म्हणतात. पण दौंडच्या दवाखान्यात मी शेवटचं भेटले तेव्हा माझं मनगट घट्ट धरून त्या म्हणाल्या, "मला न्हाई जायचं गं." मी त्यांचे केस विंचरत राहिले.

त्या रोगाच्या हंगामापासून अक्कांना एक सवय लागली होती. सकाळी शेडमध्ये शिरल्या की चहा नाही, इकडचं-तिकडचं बोलणं नाही, आधी विचारायच्या, "काय बिघडलंय?" आणि उत्तर काहीही आलं तरी आवाज चढवायच्या नाहीत. सुतक फिटल्यावर मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले, तेव्हा बायका ट्रे भरत होत्या. मी दारातच उभी राहिले. शेवटी सुमननंच मान वर केली. "वहिनी, इचारा की." कसंबसं विचारलं.

"मोटार बंद पडलीया," सुमन म्हणाली, "आन् कडंची रोपं पिवळी पडाय लागल्यात."

"दाखव कुठं ते," म्हणत मी तिच्यामागं गेले.