अर्धवट सांगितलेला पिक्चर

सोयाबीन मळून घरात आलं होतं आणि कपाशीच्या पहिल्या वेचणीला अजून आठवडाभर अवकाश होता. खामगावहून पाऊण तासावर असलेल्या आमच्या गावात आश्विनातले हे मधले दिवस जरा मोकळे असतात. पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं आणि दुपारी मात्र ऊन उन्हाळ्यासारखा चटका देतं. अशा दुपारी मी आणि बायको टीव्हीसमोर बसतो आणि मारधाडीचे पिक्चर पाहतो.

हा नाद मूळचा तिचा. मी फौजेत ड्रायव्हर होतो, सतरा वर्षं घराबाहेर काढली. आधी पत्रात आणि नंतर फोनवर मी एवढंच सांगायचो की मी मजेत आहे. तिला ते पटायचं नाही. मग केबलवर कुठे बर्फ, बंदुका, वर्दी दिसली की ती हातातलं काम बाजूला ठेवून बसायची. झुरळाला घाबरणारी बाई, पण गोळीबार चालू असताना तिची नजर हलायची नाही. मी कायमचा घरी आलो तेव्हा बंदुकांची माझ्यापेक्षा जास्त नावं तिला पाठ होती.

मलाही हे पिक्चर आवडतात. लोक विचारतात, फौजी माणसाला असलं खोटं कसं पाहवतं? मला त्यातलं खोटंच आवडतं. हिरोची गाडी गोठलेल्या सकाळी पहिल्या चावीला सुरू होते. त्याच्या बुटात पाणी शिरत नाही. आपल्याला फक्त पुढे काय होतं एवढीच काळजी, आणि तीही दोन तासांत मिटते.

त्या दुपारी पडद्यावर हिरो जखमी दोस्ताला खांद्यावर टाकून बर्फातून उतरू लागला आणि मी उठून ओसरीत आलो. थोड्या वेळानं आतला आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली.

“काऊन उठले?”

“पाणी प्याले उठलो.”

“पाणी तं आत बी होतं,” ती म्हणाली. “असा सीन आला का तुमी दरवेळी उठता. मले समजत नाही का?”

ती खाली बसली. मीही बसलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला ते सांगितलं.

उत्तरेतल्या एका उंच ठाण्यावर आम्ही सामान पोचवायचो. माझ्या गाडीवरचा दुसरा ड्रायव्हर गढवालचा होता. एकदा बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि आम्ही वरच अडकलो. तिथे त्याला खोकला सुरू झाला. दोन दिवसांत त्याच्या छातीत पाणी भरलं, ओठ निळे पडले. ढग इतके होते की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. डॉक्टर खालच्या कॅम्पमध्ये होता, आठ किलोमीटरवर. उजाडल्यावर आम्ही सहा जणांनी त्याला स्ट्रेचरवर बांधलं आणि आळीपाळीनं उचलत निघालो. बर्फ मांडीपर्यंत होतं. औषधं देणारा जवान म्हणाला, याला झोपू देऊ नका, कुणीतरी सारखं बोलत राहा. ते काम माझ्याकडे आलं.

आधी मी त्याच्या पोरांबद्दल विचारलं. मग आमचं शेत, विहीर, बैल, सगळं सांगून संपवलं. तरी रस्ता संपेना. शेवटी बराकीत पाहिलेला एक मारधाडीचा पिक्चर सांगायला घेतला. अर्ध्यावर गोष्ट आठवेना, तर दुसऱ्या पिक्चरची जोडली. त्यातल्या व्हिलनला दोनदा मारावं लागलं. दुपार उलटल्यावर कॅम्प आला. माझ्या गोष्टीतला हिरो पुलावर उभा होता, खाली बॉम्ब लावलेला, आणि तेवढ्यात डॉक्टरनं माझ्या जोडीदाराला आत नेलं. दुसऱ्या दिवशी ढग हटल्यावर हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. महिन्याभरात माझी बदली झाली.

“मंग वाचला का तो?” बायकोनं विचारलं.

“माहीत नाही.”

“काऊन विचारलं नाही?”

“विचारलं असतं तं उत्तर आलं असतं.”

ती मग म्हणाली, “आता विचारा. किती दिवस असं अर्धं घेऊन बसता?”

मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी आमच्या जुन्या तुकडीच्या लोकांचा फोनवर जो ग्रुप आहे, त्यावर विचारलं. दुसऱ्या सकाळी एकानं नंबर पाठवला. खाली लिहिलं होतं, गावी पिठाची गिरणी चालवतो. ‘चालवतो’ हा शब्द मी दोनतीनदा वाचला.

बायको डाळ निवडत समोर बसली आणि मी फोन लावला. त्यानं मला आवाजावरून ओळखलं. “तू आहेस अजून?” त्यानं विचारलं. मग त्यानं सांगितलं, त्यानंतर काही दिवसांतच आपली एक गाडी दरीत गेल्याचं त्यानं हॉस्पिटलात ऐकलं होतं. ती माझीच असेल या भीतीनं त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मी त्याला पिक्चरबद्दल विचारलं. त्याला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. तो म्हणाला, “तुझे दात वाजत होते, तेवढं ऐकू यायचं. वाटत होतं सांगावं, याला झोपवा स्ट्रेचरवर, मी चालतो.”

मी हसलो, आणि हसता हसता मला बोलता येईना. बायकोनं माझ्या हातातला फोन घेतला आणि आपल्या मोडक्या हिंदीत त्याच्या बायकोपोरांची चौकशी सुरू केली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

आता दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तिकडे थंडी किती पडली ते तो सांगतो, कापूस किती वेचून झाला ते मी सांगतो. मग दोघंही गप्प होतो, पण फोन लगेच ठेवत नाही. बायको म्हणते, “काही बोलत तं जा.” पण तेवढ्यानं आमचं भागतं. पलीकडून गिरणीचा आवाज येत असतो, तो मी ऐकत बसतो.