चंदेरी रंग न लावलेली तलवार

‘तलवारीचे लाकडी पाते मी स्वतः चंदेरी रंगाने रंगवले आणि त्याचे पोलाद केले,’ असे आमच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत, सेनापतीची भूमिका करणाऱ्या गृहस्थांनी छापून आणले आहे. मंडळाने ती तलवार आता काचेच्या कपाटात ठेवली असून खाली त्यांच्याच नावाची पाटी लावली आहे. गृहस्थ हयात आहेत, त्यांचे डोळे शाबूत आहेत, म्हणूनच मी आज लिहितो. त्यांच्या पश्चात लिहिले असते तर त्यांची फार सोय झाली असती.

सोलापुरातल्या कापडगिरणीच्या सुतारखात्यात मी उमेदीची वर्षे धोटे घासण्यात घालवली. मागावर सूत घेऊन धावणारा तो लाकडी धोटा जरासा खरखरीत राहिला तरी धागा तुटतो. त्यामुळे बोटांवर आमचा विश्वास नसे. घासलेल्या लाकडावरून कच्चे सूत ओढायचे आणि ते अडकले की पुन्हा घासायचे. मंडळासाठी ही तलवार केली तेव्हा तिच्या सागवानी पात्याला मी हीच परीक्षा लावली. लाकडाच्या रेषांत लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली, घासले, काळा रंग दिला, पुन्हा घासले. सूत अकरा वेळा अडकले. बाराव्या वेळी सरळ निघाले. मग यंत्रांना वंगण म्हणून घालतात ती ग्राफाइटची काळी पूड जुन्या धोतराच्या चिंधीने चोळली आणि चमच्याच्या पाठीने दाबत दाबत पाते उजळले. वर व्हार्निश मुद्दाम दिले नाही; त्याने चमक मरते. चंदेरी रंगाची तलवार दिव्याखाली पत्र्याच्या ट्रंकेसारखी दिसते, हे सेनापतींना कोण सांगणार!

स्मरणिकेच्या प्रकाशनाला मी भर सभेत उभा राहिलो. ते हसून म्हणाले, “मिस्त्री, लाकूड तुम्ही तासलं असेल की. चमक आमची!”

“साहेब, तुमच्या तोंडाला रंगसुद्धा दुसऱ्यानं लावावा लागायचा.”

सभागृह हसले. मंडळाचे चिटणीस माझा दंड धरून म्हणाले, “काका, दोघांचंही वय झालं आता. सोडा की.”

“वय झालंय, हात गेले नाहीत. कपाट उघडा.”

कपाट उघडले. सेनापती पुटपुटले, “बसून बोलू की आपण.” मला बसायचे नव्हते आणि त्यांची क्षमाही नको होती. चंदेरी रंग वाळला की सुटत नाही, आणि सुटलाच तर चंदेरीच सुटतो. मी त्यांच्याकडूनच त्यांचा पांढराशुभ्र रुमाल मागून घेतला आणि सर्वांसमक्ष पात्यावरून एकदाच ओढला.

रुमाल काळा झाला.