देवीचं डावं फूल

बसवनगुडीतल्या त्या घरात मला देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जायची मुभा होती, आत जायची नव्हती. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आमच्या नगरकडच्या गावात माझे वडील पाळक होते, रविवारी चर्चमध्ये उपासना चालवायचे, आणि आम्हाला ओसरीच्या पुढे न बोलावणारी घरं मी लहानपणापासून पाहिली होती. इथे निदान उंबऱ्यापर्यंत जाता येत होतं आणि पलीकडून कोणीतरी मराठीत बोलत होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी बंगलोरला धर्मशास्त्र शिकायला आले. मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती म्हणून ओळखीतून ही मागची खोली मिळाली. घरमालकीण सत्तरीच्या, विधवा. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. ‘स्वल्प बस’ म्हणजे जरा बस, ‘सरी, ये’ म्हणजे बरं, ये, असं. पहिल्या दिवशी मला हसू आलं. पंधरा दिवसांनी मी त्या मराठीसाठी दोन बस बदलून धावत घरी यायला लागले.

कारण कॉलेजात शिकवणं इंग्रजीत, आणि जेवणाच्या सुट्टीत मल्याळी मल्याळ्यांत, तेलुगू तेलुगूंत, मिझो मिझोंत. मराठी माणसांचा घोळका म्हणजे मी. संध्याकाळपर्यंत जीभ जड व्हायची. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर बसची वाट पाहताना मी दुकानांच्या पाट्या मनात मराठीत वाचत बसायची, वेड लागल्यासारखी. एकटेपणा म्हणजे आजूबाजूला माणसं नसणं असं मला आधी वाटायचं. त्या बसस्टँडवर माणसांना काय तोटा होता?

त्या वर्षी आम्हाला प्राचीन इस्राएलचे संदेष्टे शिकायला होते. संध्याकाळी अक्का विळीवर नारळ खवत बसायच्या आणि मी समोर पाटावर बसून दिवसभरात काय शिकले ते त्यांना सांगायची. संदेष्टे म्हणजे जोशी, अशी त्यांची पक्की समजूत होती. भविष्य सांग म्हणून एकदा त्यांनी स्वतःचा हातही माझ्यापुढे केला होता. मी म्हणाले, ‘अक्का, ते भविष्य सांगणारे नव्हते हो. म्हणजे सांगायचे कधी कधी, पण मुख्य काम ते नव्हे. राजाला तोंडावर सांगायचं, तू गरिबाची जमीन लाटलीस. व्यापाऱ्याला सांगायचं, तुझं माप खोटं आहे. पुजाऱ्याला सांगायचं, दाराशी विधवा उपाशी असताना तुझ्या होमाचा धूर देवाला नको आहे.’

अक्का खवणं थांबवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘हे सगळं सांगत फिरायचे. मग त्यांना जेवायला कोण घालायचं?’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हाच प्रश्न अक्कांचा म्हणून विचारला. आमचे प्राध्यापक म्हातारे, मिश्कील होते. ते म्हणाले, प्रश्न चांगला आहे, ज्यांनी विचारला त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांनी एका राजाची गोष्ट सांगितली. राजाला लढाईवर जायचं होतं. त्याने चारशे संदेष्ट्यांना विचारलं. चारशेच्या चारशे म्हणाले, जा, विजय तुझाच. एक उरला होता. त्याला बोलवायला राजा तयार नव्हता, कारण तो कधी बरं बोलतच नाही. तरी बोलावलं. तो म्हणाला, जाशील तर मरशील. राजाने त्याला तुरुंगात टाकलं आणि नुसत्या भाकरीपाण्यावर ठेवलं. ‘म्हणजे जेवायला त्यालाही मिळालं,’ प्राध्यापक म्हणाले, ‘आणि चारशेंनाही मिळत होतं. कोणाला काय बोलल्याबद्दल मिळत होतं, ते पाहा.’

मी घरी येऊन अक्कांना हे सांगितलं. शिवाय एका संदेष्ट्याला ओढ्याकाठी कावळ्यांनी खाऊ घातलं तेही सांगितलं. ‘कावळ्यांनी?’ अक्का म्हणाल्या. ‘म्हणजे पितरांनीच की.’ विषय त्यांच्यापुरता मिटला.

अक्कांचा एकुलता मुलगा अमेरिकेत होता. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. फोनवर भरतकाम केलेलं झाकण होतं आणि ते आठवड्यातून एकदाच निघायचं. त्याला येऊन चार वर्षं झाली होती. इकडे अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. डॉक्टरांनी सप्टेंबरात शस्त्रक्रियेचा दिवस दिला. अक्कांचा एकच हट्ट होता, मुलगा आल्यावर करायची. ‘पट्टी सोडली की पहिलं तोंड त्याचं दिसू दे.’ मुलगा फोनवर ‘पाहतो’ म्हणाला होता. तेव्हा त्यांनी देवीला विचारायचं ठरवलं.

त्यांच्या घरातली रीत अशी. देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओलं शेवंतीचं फूल लावायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. अक्का उजवं फूल थोडं सैलच लावतात हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. देवीलाही जराशी मदत लागते, एवढंच.

पण आता त्यांना समईच्या उजेडात फूलच दिसेना. आधीच्या आठवड्यापासून त्या गप्प होत्या. नारळ नाही, गप्पा नाहीत, मी आले तरी खोलीतून बाहेर येत नव्हत्या. त्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. पुट्टी म्हणजे छोटी, मला त्या तसंच म्हणायच्या. ‘पुट्टी, इथं उभी राहा. फूल कुठलं पडतं म्हणून सांग. देवीचं उजवं हं, तुझं नव्हे.’ मी म्हणाले, शेजारच्या कोणाला बोलावू का, मी तुमच्या धर्माची नाही. त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच. शेजारीण माझं मन राखील. तुला आमच्या देवीचं काय पडलंय? तू आहे ते सांगशील.’

मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले. त्यांनी हात जोडून मुलगा दिवाळीला येईल का ते विचारलं, अगदी मोठ्याने, मलाही ऐकू येईल असं. बराच वेळ काही झालं नाही. मग डावं फूल घसरलं, देवीच्या हातावर अडकलं आणि खाली पडलं. उजवं जागच्या जागी होतं.

‘पडलं?’

‘पडलं,’ मी म्हणाले. ‘उजवं.’

हे मी का केलं ते मला तेव्हाही ठाऊक होतं, त्यामुळे आता उगाच खोलात शिरत नाही. मला त्या खुशीत हव्या होत्या. खुशीत असल्या की त्या बोलायच्या, आणि त्या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी होळिगे केल्या, आपल्या पुरणपोळ्यांसारख्या पण पातळ. आम्ही आठ वाजेपर्यंत बोलत बसलो. खाल्ल्या मिठाला जागले, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात निरोप पाठवून शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ढकलली. याचा मी विचारच केला नव्हता. सांगायला हवं होतं. रोज संध्याकाळी सांगेन म्हणायची आणि रोज संध्याकाळी समोर पाट मांडलेला असायचा. त्याच महिन्यात मी खोट्या संदेष्ट्यांवर निबंध लिहिला. जो हात जेवायला वाढतो त्याच्या मनासारखं ते बोलतात, असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. प्राध्यापकांनी तो वर्गात वाचून दाखवला. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले, आणि मी मान खाली घालून बसले तर लोकांना तो विनय वाटला.

आम्हाला आणखी एक संदेष्टा शिकायला होता. त्याला लग्न करायची मनाई होती, कोणाच्या मेजवानीला जायची मनाई होती, माणसांत असून तो जन्मभर एकटा राहिला. त्याच्याबद्दल वाचताना माझा ऊर भरून यायचा. मला वाटायचं, हा माझ्याच जातीचा. किती खोटं होतं ते. तो खरं बोलला म्हणून एकटा पडला होता. मी एकटी पडेन या भीतीने खोटं बोलले होते. त्याच्या शेजारी बसायची माझी लायकी नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अक्का देवळात गेल्या असताना फोन वाजला आणि मी उचलला. मुलगा म्हणाला, या वर्षी जमणार नाही, पुढच्याही वर्षी कठीण दिसतंय. मग म्हणाला, ‘तुम्ही घरातच आहात, तुम्हीच अम्माला हळूच सांगा ना. माझ्याच्याने होत नाही.’ मी त्याला भित्रा ठरवलं आणि फोन ठेवला. मग मीही आठ दिवस गप्प राहिले.

दिवाळी गेली. एका सकाळी अक्कांचा एक डोळा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकला, डोळ्यातला दाब वाढलाय, या डोळ्याची गेलेली नजर परत यायची नाही. दुसऱ्याची शस्त्रक्रिया आठवड्याच्या आत करा. अक्का शांतपणे कानडीत म्हणाल्या, मुलगा येऊ दे, देवीने होय म्हटलंय, थोडा उशीर झाला असेल, संक्रांतीपर्यंत येईल. आणि त्यांनी मान माझ्याकडे वळवली, साक्षीदाराकडे वळवावी तशी.

घरी आल्यावर मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं. ‘अक्का, तो येणार नाही. त्याचा फोन आला होता. आणि त्या दिवशी फूल डावं पडलं होतं.’

‘नीट पाहिली होतीस?’

‘नीट पाहिलं होतं.’

‘मग उजवं म्हणून का सांगितलीस?’

मी म्हणाले, ‘तुम्ही माझ्याशी बोलावं म्हणून.’

त्यांनी भांडं खाली ठेवलं. ‘सरी,’ म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. मी बॅगही काढून ठेवली. पण त्यांनी तसं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘नीवु ऊटा माडि.’ तुम्ही जेवून घ्या. कानडीत, आणि तुम्ही.

त्या दिवसापासून अक्का माझ्याशी मराठीत बोलल्या नाहीत. रागावून नाही, टोमणे मारून नाही. दूधवाल्याशी बोलावं तसं, व्यवस्थित. बिसिबेळे भाताची वाटी झाकून माझ्या दाराशी ठेवलेली असायची. पाट मात्र भिंतीला उभा. चार दिवसांनी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा दवाखान्यात मीच होते. पट्टी सुटली आणि पहिलं तोंड त्यांना माझंच दिसलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, ‘काणिस्तिदे.’ दिसतंय.

हिवाळा गेला, संक्रांत गेली. मला त्या घरात कानडी येऊ लागलं. आजही कोणी विचारतं, इतकं चांगलं कानडी कुठे शिकलात, तेव्हा मी बसवनगुडी एवढंच सांगते. रविवारी फोन वाजायचा आणि अक्का मुलाशी हसून बोलायच्या. डोळ्याचं त्यांनी त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही. माझी बाजू मांडायला मी वडिलांना पत्र लिहायला घेतलं आणि अर्ध्यात फाडलं. इतकं रितं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि ते माझं मीच ओढवून घेतलं होतं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली, वसतिगृहात जागा मिळाली. निघायच्या दिवशी दुपारी मी बॅग घेऊन पुढच्या दाराशी आले, निरोपाची दोन कानडी वाक्यं मनात जुळवत. अक्का देवघरात होत्या. शेवंतीची दोन फुलं देवीच्या खांद्यांवर होती, दोन्ही सारखी घट्ट लावलेली.

‘पुट्टी,’ त्या म्हणाल्या. ‘इथं उभी राहा.’

मी बॅग ठेवली आणि उंबऱ्याशी गेले. या खेपेला त्यांनी प्रश्न मोठ्याने विचारला नाही. विचारायची गरजही नव्हती. आम्ही दोघी पाहत राहिलो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. फूल पडलं.

‘कुठलं पडलं म्हणून सांग.’

‘डावं,’ मी म्हणाले.

अक्कांनी खाली वाकून फूल उचललं, कपाळाला लावलं आणि ताम्हणात ठेवलं.

‘मलाही डावंच दिसलं,’ त्या म्हणाल्या. मग भिंतीचा पाट घेऊन त्यांनी खाली मांडला. ‘बस. जेवून जा.’