ओळखीची माती

दगड काढून झाला की आमची चुनखडीची खाण बुजवतात. त्या भरावावर ताग, धैंचा, गवताचं मिश्र बियाणं पेरायला बेला गावाकडचा एक माणूस येतो; अहवाल मी लिहितो. काहीही विचारा, तो आधी चिमूटभर माती जिभेवर ठेवतो, थुंकतो, मग बोलतो.

यंदा त्याने बियाण्यात स्वतःच्या वावरातली माती कालवली. मी चिडलो, "हे कशाला?"

"बारीक बी सारखं पडते, भाऊ. अन् इथच्या मातीले कोनी ओळखीचं पाहिजे न."

आमचं महागडं बियाणं बहुतेक पाखरांनीच वेचलं. त्याच्या मातीतून मात्र भरावभर अंबाडी उगवली. तपासणीचे अधिकारी खूश झाले. "कोणतं बियाणं हे?" त्यांनी त्यालाच विचारलं.

त्याने माती चाखली, थुंकली. "हापिसातलं, सायेब."

मी 'मिश्रण यशस्वी' असं लिहून टाकलं. अंबाडीचं नावही घेतलं नाही.

संध्याकाळी त्याने अंबाडीची एक जुडी माझ्या मोटारसायकलला अडकवली.

"घेऊन जा, भाऊ. तुमच्या रिपोटाची भाजी लय मस्त होते."