वीतभरावरची गाठ
किराणा दुकानात सुती दोरीचं बंडल दिसलं की मला अंबडचा तो विजेच्या पॅनेलचा कारखाना आठवतो, जिथे नुकताच डिप्लोमा झालेला मी जाड केबलींच्या जोड्या बांधत होतो. म्हातारा फिटर म्हणाला, "साहेब, वीतभरावर गाठ मारा. करंट लय वाढला की या दोघी एकमेकींना ढकलतात." परीक्षेत या बळाचं उत्तर माशीच्या वजनाएवढंही येत नसे, म्हणून मी एक सोडून एक गाठ मारली. चाचणीत शॉर्टसर्किट झालं आणि दोन्ही केबली दोरी तोडून फाकल्या. एकीच्या फटक्यानं पॅनेलचा पत्रा वाकला. जळक्या वासात फिटरनं शांतपणे विचारलं, "गणितात करंट किती धरला होता?" मी म्हणालो, "पाच अँपिअर." वाकलेल्या पत्र्यावर हात ठेवत तो म्हणाला, "शॉर्टसर्किटात तो हजारांत जातो, साहेब." आजही घरी साधं खोकं बांधताना माझी वीत आधी दोरीवर पसरते.